मॅडमच्या तैलचित्राबरोबर चंद्रपूर ते एटापल्ली

एटापल्लीच्या रस्त्याने मी कितीतरी वेळा गेले, पण सांगण्यासारखी फेरी एकच. गडचिरोली जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. मी चंद्रपूरला शाळेत, नवरा एटापल्लीच्या एका ऑफिसात कारकून. लग्नाला चार वर्षं झाली तरी आमचा संसार एस.टी.च्या भरवशावर चालायचा. ह्यांच्या चंद्रपूरला बदलीच्या अर्जाला उत्तर येईना, तेव्हा कुणीतरी ह्यांना सुचवलं, साहेबांच्या मॅडमना खूश करा.

मॅडम मुंबईच्या, फॅशनेबल. जंगलात आल्या त्या उंच टाचांच्या सँडलवर आणि वर्षभर खाली उतरल्या नाहीत. त्यांच्या वाढदिवसाला फोटोवरून तैलचित्र करून द्यायचं ठरलं. चंद्रपूरचा पेंटर एरवी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याने मॅडमना कोरीव खुर्चीत बसवलं, बिनबाह्यांचा ब्लाऊज, मोत्यांची माळ, लालभडक ओठ, आणि मागे आपल्या मनाने तळं आणि दोन हंस.

"रंग ओला हाय," तो म्हणाला. "कपडा लावू नका, चिपकून जाईन."

वाढदिवस दुसऱ्याच दिवशी होता, म्हणून चित्र उघडंच न्यावं लागलं.

सकाळी तर्रीपोहे खाऊन निघाले. कंडक्टरने सामानाचं तिकीट फाडलं आणि मॅडम मागच्या बाकाला टेकून उभ्या राहिल्या. मूल गाव येईपर्यंत अर्ध्या गाडीने त्यांना हात जोडले होते. तिकडे एवढी मोठी तसबीर माणूस गेल्यावरच होते.

"कवा वारली जी?" शेजारच्या म्हातारीने विचारलं.

"वारली नाही बाई, जिवंत आहे."

"जिती हाय? मंग फोटू काऊन बनवला?"

गडचिरोलीपर्यंत एकेकाला समजावून मी दमले.

चामोर्शीला गाडी बदलायची होती आणि त्या दिवशी आठवडी बाजार. तिथे गरम आलूबोंडे मिळत, ते खाऊन घेतलेले बरे, कारण पुढे आलापल्लीपर्यंत धड काही मिळत नसे. चित्र झाडाला टेकवून मी बोंडे आणायला गेले. परत येते तर भोवती माणसं, आणि मॅडमच्या गळ्यात झेंडूचा हार.

"काय करत होती जी बाई?" हार घालणाऱ्या भाऊंनी विचारलं.

मॅडम दिवसभर पत्ते खेळत. पण मला आता वाद नको होता. "पोरांना औषधं द्यायच्या," मी ठोकून दिलं. "विहीर खणून दिली."

"लय चांगली होती मंग." दोन बाया पदराने डोळे पुसू लागल्या. मला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती.

गाडी आल्यावर हार काढला, तर पाकळ्या ओल्या रंगात रुतलेल्या. आलापल्लीनंतर दोन्हीकडे सागवान, देखणा रस्ता, पण खड्डे असे की धुळीने हंस तपकिरी झाले. पाकळी नखाने काढायला गेले तर मॅडमचा गळाच निघायला लागला. बदली गेली, असं वाटून मला रडू फुटलं.

एटापल्लीला हे स्टँडवर घ्यायला आले होते. दिवे लागायच्या सुमाराला आम्ही साहेबांच्या बंगल्यावर पोचलो. मॅडमनी गॉगल कपाळावर सरकवला. "हे गळ्याशी काय आहे?"

हे पांढरेफटक पडले. मी म्हटलं, "चामोर्शीच्या बाजारात लोकांनी हार घातला. फार चांगल्या बाई म्हणाले." 'होत्या' तेवढं गाळलं.

मॅडम चित्राच्या अगदी जवळ गेल्या. "पाकळ्या राहू देत," त्या म्हणाल्या. "अहो, ऐकलंत? लोक मला हार घालतात."

साहेब भारावले. ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अशी माणसं ऑफिसात हवीत. मी इथे आहे तोवर तुम्हाला कुठेही जाऊ देणार नाही."

"थँक्यू सर," हे म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

मी एकटीच चंद्रपूरला परतले. साहेबांपेक्षा मला माझ्याच जिभेचा राग येत होता. तुम्ही जाणार असाल तर हिवाळ्यात जा, जंगल खरंच बघण्यासारखं आहे. त्या परतीच्या वाटेवर मी मात्र खिडकीतून काही पाहिलं नाही.

सोमवारी शाळेत मोठ्या बाईंनी उत्सुकतेने विचारलं, "मग, मॅडम खूश झाल्या का?"

"इतक्या खूश झाल्या," मी म्हटलं, "की माझा नवरा ठेवूनच घेतला."