सुनंदाचं मॉडेल आन्सर

सुनंदाच्या वहीतली गोष्ट बाहेर गेली ती माझ्या हातून. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ज्या दुपारी सुनंदा मोबाईल घेऊन क्लासच्या दारात उभी राहिली, त्या दुपारी पहिल्याच मिनिटाला मला कळलं होतं काय झालं ते. तिला आजही माहीत नाही.

चिखलीत माझा इंग्रजीचा क्लास आहे. बियाण्यांच्या दुकानावरची लांबट खोली, बारा बाकं. मध्यम पातळीच्या इंग्रजी परीक्षेची मी तयारी करून घेतो. वाचणं, ऐकणं, बोलणं लोक कसंबसं काढून नेतात. अडतात ते रायटिंगला. त्यात दोन टास्क असतात. पहिला ईमेलचा. समोरच्यानं चार गोष्टी विचारलेल्या असतात, चारही गोष्टींचं उत्तर गेलं पाहिजे. दुसऱ्यात लेख किंवा गोष्ट. गोष्टीचं पहिलं वाक्य पेपरात दिलेलं असतं, पुढचं शंभरेक शब्दांत आपण रचायचं.

सुनंदा इथल्याच एका खासगी हॉस्पिटलात सिस्टर. मूळची जानेफळची. परदेशातल्या एका हॉस्पिटलानं तिची निवड केली होती. सर्टिफिकेट तेवढं दाखवायचं राहिलं होतं. तिच्याच वॉर्डातली रेखा तिच्यासोबत यायची. सकाळची ड्युटी संपवून दोघी दुपारच्या बॅचला, एकाच बाकावर. रेखा मला म्हणायची, "सर, हिले लवकर पाठवा तिकडं. माह्या डब्यातली भाजी तरी वाचंल."

हिवाळ्यात आमच्याकडे जिनिंग चालू असतं, म्हणजे कापसातून सरकी काढायचे कारखाने. दुपारच्या तिरप्या उन्हात कापसाचे तंतू खिडकीतून आत येतात आणि खोलीभर तरंगत राहतात. कोणाच्या केसांवर बसतात, कोणाच्या वहीवर. पंधरा माणसं मान खाली घालून लिहीत असतात, पेनांचा बारीक आवाज येत असतो, आणि मला थोडी गुंगी आल्यासारखं होतं. अशाच एका दुपारी सुनंदानं वही पुढे केली.

तिनं लहानपणचं लिहिलं होतं. बाप कापसाची गाडी घेऊन मेहकरच्या बाजाराला निघाला. ती वर कापसात झोपली. जाग आली तर रस्ता नाही, झाड नाही, बैल नाहीत. पहाटेचं धुकं आणि कापूस, सगळं पांढरं. तिनं मोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं: मला वाटलं मी मेले आहे, आणि ते मऊ आहे. मग पुढून बापाचा खोकला ऐकू आला, आणि ती परत झोपली.

एवढंच. मी ते वाचलं आणि मला खोलीचा विसर पडला. तो कापूस मला पाठीखाली जाणवला. वीस वर्षं मी लोकांची इंग्रजी वाक्यं दुरुस्त करतोय. त्या दिवशी लाल पेनचं टोपण काढलं नाही. "चांगलं आहे," एवढं म्हणालो आणि वही घरी नेऊ का विचारलं. ती लाजली. हो म्हणाली.

घरी मी क्रियापदं सरळ केली. ते मऊ मरणाचं वाक्य तसंच ठेवलं. मग टाईप केलं, वर 'मॉडेल आन्सर' लिहिलं, नाव टाकलं नाही, आणि सकाळच्या बॅचसाठी झेरॉक्स काढल्या. मॉडेल आन्सर म्हणजे नमुन्याचं उत्तर. आमच्या धंद्यात सगळेच वाटतात. मुलांना मी सांगायचो, तीन गोष्टी पाठ करा, पेपरातलं पहिलं वाक्य कुठलंही येवो, यातली एक बसवून टाका. सुनंदाला विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. दुपारच्या बॅचला ती झेरॉक्स दिली नाही, याचा अर्थ कुठेतरी मनात आलंही असेल.

परीक्षा संभाजीनगरच्या सेंटरवर झाली. गोष्टीचं दिलेलं वाक्य असं होतं: त्या सकाळी मला एका अनोळखी जागी जाग आली. सुनंदानं तिची गाडी लिहिली. दुसरं काय लिहिणार? सकाळच्या बॅचमधल्या दोघांनीही तीच गाडी लिहिली.

तर त्या दुपारी ती दारात उभी होती. मोबाईलवर परीक्षावाल्यांचा ईमेल. तुमचं उत्तर आणखी दोन उमेदवारांच्या उत्तरांशी जुळतं, दहा दिवसांत खुलासा करा. त्या दोघांची नावं दिली नव्हती.

"सर, माह्या बापाची गाडी आहे ते," ती म्हणाली. "मी काऊन कोणाची कॉपी करीन?"

मी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"तुम्ही दोन ओळी लिहून द्या. ही गोष्ट आधी मी क्लासमध्ये लिहिली होती म्हणून."

त्या दोन ओळी लिहायच्या तर पुढच्या दोनही लिहाव्या लागल्या असत्या. गोष्ट त्या दोघांपर्यंत कशी गेली, ते. मग क्लासची पाटी उतरली असती. कॉपी पुरवणारा मास्तर म्हणून गावानं ओळखलं असतं. माझ्या पत्राला तिथं कोण विचारतं, असं काहीतरी मी पुटपुटलो.

तिनं त्या दोघींच्या बाकाकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "तुमच्याशिवाय मी वही फक्त रेखाले देली होती, सर. तिनंच देली असंल का कोणाले?"

मी म्हणालो, "असेल."

हा एक शब्द. अजून झोप लागता लागता तो मला ऐकू येतो.

तिचा खुलासा मानला गेला नाही. रायटिंग रद्द म्हणजे सर्टिफिकेट नाही. पुन्हा बसायला वर्षभर थांबायचं होतं, आणि तिकडची जागा तेवढी थांबली नाही. रेखानं हॉस्पिटल सोडलं, आता ती खामगावला असते. जाण्याआधी एकदा क्लासवर आली होती. सुनंदा बोलून नाही राह्यली, तिले काय झालं, असं मला विचारत होती. मी म्हणालो, टेन्शन असेल.

मागच्या महिन्यात चक्कर आली म्हणून त्याच हॉस्पिटलात गेलो. सुनंदाच ड्युटीवर होती. दंडाला पट्टा बांधला, हवा भरू लागली. खिडकीतून ऊन येत होतं, सगळं पाण्याखाली असल्यासारखं शांत होतं, आणि मला वाटलं, हीच वेळ. मी म्हणालो, "सुनंदा, ते तुझ्या गोष्टीचं..."

"बोलू नका सर," ती आकड्याकडे बघत म्हणाली. "बोललं की बीपी जास्त दाखवते."

मी गप्प बसलो. बरं वाटलं, हेही कबूल करतो. पट्टा सोडल्यावर तिनं आकडा सांगितला, मीठ कमी करा म्हणाली, आणि पुढच्या पेशंटकडे गेली.

आता मी एकाचं लिहिलेलं दुसऱ्याला देत नाही. ज्यानं त्यानं आपलं वाईट इंग्रजी आपणच लिहावं. मार्क कमी पडतात, पडू देतो. पण हे शहाणपण माझ्या कामाचं, त्या दोघींच्या नाही. झेरॉक्स मी काढली होती, रेखानं काही केलं नव्हतं, हे सुनंदाला सांगणं माझ्याकडे बाकी आहे. खामगावला जाऊन रेखालाही सांगायचं आहे. दोन्ही अजून केलेलं नाही.