पाप नसलेल्याची माफी

पाणक्यानं तांब्या इतका वर धरला, की निम्मं पाणी माझ्या चोळीवर सांडलं. "ओंजळ खाली धर की गं," तो खेकसला. "तांब्याला लागंल."

बहात्तरचा दुष्काळ. न्हावरे गावाच्या पुढं रस्त्याच्या दुष्काळी कामावर मी खडी फोडत होते. पाण्याचा पिंप एकच, पण आमच्या माणसांना वरनं ओतायचं. माझा आजा ख्रिस्ती झालेला. आम्ही दर रविवारी धुतलेलं लुगडं नेसून उपासनेला जायचो. गावाला त्याचं काय? गावाला आमची जात तोंडपाठ.

शेजारी सखुबाई खडी फोडायची. बौद्ध वस्तीतली, तोंडानं फटकळ. म्हणाली, "देव बदलला, ओंजळ तीच व्हय गं?"

झोंबलं मला. तशीच उठले, तांब्या हिसकला, पिंपात बुडवला आन् तोंड लावून प्याले. माझ्यामागं सखुबाई प्याली. नुसती बोंबाबोंब झाली.

कामावरचा मुकादम थेट आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांकडं गेला. आमच्या माणसांना कामावर घ्या म्हणून त्यांनीच त्याच्याकडं शब्द टाकलेला. साहेबांनी मला बोलावलं. ते खुर्चीवर, मी उंबऱ्याशी.

"वरिष्ठांचं ऐकणं म्हणजे देवाचं ऐकणं," ते म्हणाले. "रविवारी प्रभुभोजनाआधी सगळ्यांसमोर उभी राहा. म्हण, मी पाप केलं. नाहीतर तुला भाकर नाही, द्राक्षारस नाही."

ह्याला आमच्यात शिस्त म्हणायचे. चोरी केलेला, दारू पिऊन बायकोला मारलेला माणूस असा उभा राहायचा. आता मी.

घरी आई रडली. "म्हण गं बाई. दोन शब्दांनी काय जीभ झिजती व्हय?" आन् माझ्या पाया पडाय वाकली. माझी आई! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. म्हणते, म्हणून कबूल केलं.

रविवारी उभी राहिले. खरंच म्हणणार होते. डोळे मिटले आन् आठवलं. ह्याच साहेबांनी शिकवलेलं, की देवानं आदामाचे हात बांधले न्हाईत, बरंवाईट निवडायचं त्याच्यावर सोडलं. मग माझ्यावरबी सोडलंय की! तहान लागली, पाणी प्याले. ह्याला पाप म्हणायचं म्हंजी देवाच्या तोंडावर खोटं बोलायचं. मुकादमाचं भ्या न्हवतं मला. देवाचं होतं.

"मी पाणी प्याले," मी म्हणाले. "पाप केलं न्हाई."

"खाली बस. देवाची आज्ञा मोडलीस तू."

"देवाची न्हाई साहेब. तुमची."

आई पदरात तोंड घालून बसलेली. येशूच्या आठवणीत वाटायच्या भाकरीचं ताट माझ्या म्होरनं तिच्याकडं गेलं. तिनं तुकडा घेतला. तिच्यावर राग न्हाई माझा. पण आतनं तुटलं, खोटं कशाला सांगू.

तवापासनं एकबी रविवार चुकवला न्हाई मी. पहिल्या बाकावर बसते. ताट दर खेपेला माझ्यापुढनं जातं. जाऊ दे. माफी मागणार न्हाई आन् चर्चबी सोडणार न्हाई. मी नको असंल, तर सगळ्यांच्या देखत मला हाताला धरून बाहेर काढा.