अण्णाच्या अंगणातली गाडी

अण्णा आजारी पडला म्हणून मला गाडी मिळाली. लोकांना मी हे असं सांगत नाही. भावाची जुनी गाडी मी सांभाळते, एवढंच सांगते. ते ऐकायला बरं वाटतं, आणि ऐकणाऱ्याला त्यात माया दिसते.

अण्णा माझा थोरला भाऊ. आमच्या वयात एवढं अंतर, की माझ्या शाळेत पालक म्हणून बाबांऐवजी बहुतेक वेळा तोच यायचा. आमचं घर पिढ्यान् पिढ्या बंगळुरूतलं. घरात मराठीच बोलतो, पण त्यात कन्नड इतकं मिसळलंय, की पुण्याचे पाहुणे आले की एकमेकांकडे बघून हसतात. तो मला अजून ‘पुट्टी’ म्हणतो. पुट्टी म्हणजे चिमुरडी. मी पन्नाशीला टेकले आहे.

गाडी फिकट निळी, चौकोनी तोंडाची, पुढे-मागे क्रोमचे बंपर. थंडीत चोक ओढल्याशिवाय उठत नाही. अण्णाने ती घेतली तेव्हाच ती कुणाची तरी वापरलेली होती. माझ्या लग्नात मी तिच्यातूनच कार्यालयात गेले, आणि आई शेवटी-शेवटी दवाखान्यात जायची तीही तिच्यातूनच. अण्णा ती दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा नाही. लहानपणापासून मला तिचं वेड होतं. तो बॉनेट उघडून उभा राहिला की मी शेजारी जाऊन उभी राहायची, आणि तो म्हणायचा, “बघ, पण हात लावू नको. ग्रीस लागलं तर आई मला बोलेल.”

मग त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. बोलणं जड झालं, डोकं मात्र लख्ख राहिलं. दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याने मला जवळ बोलावलं आणि डाव्या हाताने उशीखालून किल्ली काढून दिली.

“तू बघ आता तिच्याकडे,” तो म्हणाला. एकेक शब्द त्याला ओढून आणावा लागत होता.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनींनाही आलं. पण किल्ली मुठीत घेतली तेव्हा जे वाटलं, ते नुसतं दुःख नव्हतं. कुणीतरी आपल्याला हवी ती वस्तू शेवटी दिली, की होतो तसला आनंद होता. तेव्हापासून तो आनंद माझ्या मागे लागलाय.

अण्णाचं घर येलहंकाला. पुढे मोठं अंगण, फाटकाकडे थोडा उतार. मी राहते मारतहळ्ळीला, आणि नोकरी बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात, माल तपासायच्या विभागात. आमच्या इमारतीत दुसऱ्या गाडीला जागा नाही, म्हणून गाडी अण्णाकडेच राहिली आणि मी दर रविवारी तिकडे जाऊ लागले. वहिनी शेजारणींना कौतुकाने सांगायच्या, “नणंद एक रविवार चुकवत नाही हो. कोण करतं आजकाल भावाचं एवढं!”

ते ऐकलं की मला ओशाळायला व्हायचं. कारण मी आले की पाच मिनिटं अण्णाच्या खाटेपाशी, आणि मग दुपारपर्यंत गाडीखाली. वहिनी अण्णाला व्हरांड्यात खुर्चीत आणून बसवायच्या. सुरुवातीला तो सांगायचा आणि मी करायची. कार्ब्युरेटर कसा सोडवायचा, ब्रेकचे शू किती घासले की बदलायचे, पान्याला कुठे जोर द्यायचा. त्याचे शब्द अडखळायचे, पण मला कळायचे. ते महिने चांगले होते.

पुढे मी शिकले. जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांच्या एका ग्रुपमध्ये सामील झाले. शनिवारी जेसी रोडवर दुकानं पालथी घालून खरे सुटे भाग शोधायला लागले. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती, अगदी तशी करायची, हा ध्यास लागला. हळूहळू अण्णाचं ऐकणं मी कमी केलं. तो काही म्हणाला तर “हो अण्णा, बघते” म्हणायची आणि मला हवं तेच करायची. त्याने इतक्या वर्षांत केलेल्या सगळ्या जोडण्या मी एकेक करून काढल्या: वायर बांधून बसवलेलं हॉर्नचं बटण, दुसऱ्याच कुठल्या गाडीचा आरसा, आणि डाव्या दाराच्या खांबाला आतून मारलेला लोखंडी दांडा.

गाडी रंगवून, बंपरवर नवं क्रोम चढवून आली त्या रविवारी अण्णाला चक्कर मारायला न्यायचं ठरलं. वहिनी आणि मी त्याला दारापर्यंत आणलं. त्याने डावा हात आत घातला आणि खांबावर काहीतरी चाचपू लागला. हात वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला.

“दांडा?” त्याने विचारलं.

“तो ओरिजिनल नव्हता अण्णा,” मी म्हणाले. “गंजला होता.”

“आईंसाठी बसवलेला ह्यांनी,” वहिनी हळूच म्हणाल्या. “तो धरून त्यांना आत बसता यायचं.”

मी तो भंगारवाल्याला देऊन टाकला होता. त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून अण्णाला उचलून आत बसवलं. त्याला ते आवडलं नाही हे त्याच्या ताठलेल्या मानेवरून कळत होतं. पुढच्या आठवड्यात मी ताज्या रंगात ड्रिलने भोकं पाडली आणि न्हाणीघरात लावतात तसली स्टीलची कडी बसवली. अण्णा म्हणाला, “सरी, ठीक आहे. छान.” पण भोकं पाडताना मला रंगाचं वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटतंय याची लाज वाटत होती.

एवढ्याने शहाणपण यायला हवं होतं. आलं नाही.

त्यानंतरचा एक रविवार. मी इंजिन सुरू करून गाडी गरम व्हायला ठेवली होती. अण्णा खुर्चीतून बघत होता. अचानक म्हणाला, “पुट्टी, मला बसव. इकडं.” आणि त्याने चालकाच्या जागेकडे बोट केलं.

“कशाला?”

“स्वल्प वेळ. क्लच दाबून बघतो. गिअर बघतो.”

मी विचार केला. डावा हात चांगला, डावा पाय चांगला. क्लच आणि गिअर डाव्याच बाजूचे. होऊन-होऊन काय होणार आहे? मी त्याला बसवलं, उजवा पाय उचलून आत ठेवला. त्याने क्लच दाबला, पहिला टाकला, काढला, दुसरा टाकला. त्याचा चेहरा मी इतक्या महिन्यांत तसा पाहिला नव्हता. मी निर्धास्तपणे कोपऱ्यातल्या नळावर हात धुवायला गेले.

गाडी हलली तेव्हा मला आवाजावरून कळलं. त्याने पहिला टाकून क्लच हळूच सोडला होता, आणि चोकवर असलेलं इंजिन गाडीला पुढे नेऊ लागलं होतं. घाबरून त्याने क्लच परत दाबला. पण आता उतार लागला होता, आणि ब्रेकला लागणारा पाय त्याचा ऐकत नव्हता. समोर फाटकाचा दगडी खांब.

मी ओरडले. काय ओरडले ते मला नीट आठवतं, आणि अंगणात असलेल्या सगळ्यांनाच ते नीट ऐकू गेलं.

“बंपर! बंपर!”

अण्णा नाही. थांब नाही. बंपर.

अण्णाने डाव्या हाताने हँडब्रेक खेचला. गाडी थांबली, पण थांबता-थांबता खांबाला टेकली. बारीक ठक्‌ असा आवाज झाला. मी धावत गेले. पायांनी मला आधी पुढच्या बाजूला नेलं, आणि क्रोमवर पडलेला पोचा पाहिल्यावर मी खिडकीपाशी गेले. तोवर वहिनी पोचल्या होत्या. त्यांनी दार उघडून अण्णाचं कपाळ, छाती, हात चाचपून पाहिले आणि मग माझ्याकडे वळल्या.

“ह्यांना लागलंय का ते तरी विचारशील?”

त्या एवढंच बोलल्या. इतक्या वर्षांत मला कधी टोचून बोलल्या नव्हत्या.

अण्णा हसत होता. वाकड्या तोंडाने, लाळ गळत, पण हसत होता. “थांबवली ना?” तो म्हणाला. “मीच थांबवली.”

त्या हसण्यामुळे मला जास्त वाईट वाटलं. रागावला असता तर मी माफी तरी मागितली असती.

पुढच्या रविवारी मी हत्यारांची पिशवी घरीच ठेवली. अण्णाशेजारी व्हरांड्यात खुर्ची ओढून बसले. भावाकडे भावासाठी जायचं, असं ठरवून आले होते. आम्ही पेपर वाचला. मी त्याला मोसंबं सोलून दिलं. अण्णाचा मुलगा परदेशातून कधी येणार, हे बोलून झालं. मग बोलायला काही उरलं नाही. पुढचे दोन रविवारही तसेच गेले. त्याला माझी कणव आली असावी, कारण तिसऱ्यांदा मी मोसंबं हातात घेतलं तेव्हा तो एकदम म्हणाला, “नको ते.”

“मग काय आणू?”

“माझ्याकडे काय बघत बसतेस? तुला येत नाही ते.” तो थोडा थांबला, शब्द गोळा करत. “मलाही कंटाळा येतो. जा. बॉनेट उघड. पंख्याचा पट्टा ओरडतोय.”

“अण्णा, त्या दिवशी मी...”

“ऐकलं मी,” तो म्हणाला. “मीसुद्धा तेच ओरडलो असतो. नवीन क्रोम आहे.”

हे त्याने माझं मन राखायला म्हटलं, की खरंच तसं होतं, मला आजही माहीत नाही. आतून वहिनींनी भांडं जरा जोरात ठेवल्याचं ऐकू आलं. त्यांनी मला अजून पूर्ण माफ केलेलं नाही, आणि त्यांचं बरोबर आहे.

पोचा मी ठेवायला हवा होता, असं मला कधीकधी वाटतं. पण ठेवला नाही. महिन्याच्या आत बंपर काढून ठोकून, क्रोम चढवून आणला. अण्णाने त्यावर बोटं फिरवून पाहिली आणि मान डोलावली. वहिनी बघायलाही बाहेर आल्या नाहीत.

आता मी गेले की आधी त्याला व्हरांड्यातून उतरवून गाडीजवळ आणते, इतकं जवळ, की त्याला पाना हातात धरता येईल. तो डाव्या हाताने नट फिरवतो. वेळ लागतो. मी थांबते. थांबताना माझे हात शिवशिवतात. त्याच्या हातून पाना काढून घ्यावासा वाटतो. मी तो काढून घेत नाही. पण वाटतं.