बोटीवरसुद्धा बाळाराम बसेना!

किस्से हे माथेरानच्या माकडांसारखे असतात. एकाला शेंगदाणा दाखवला की मागून अख्खी टोळी उतरते, आणि मग पिशवी काही तुमची राहत नाही. क्रूझवरून घरी आलो तेव्हा मी पक्कं ठरवलं होतं की कुणाला काही सांगायचं नाही. मिरवण्यासारखं थोडं आणि तोंड लपवण्यासारखंच जास्त घडलेलं! पण नेरळ स्टेशनबाहेर चहा पिताना एकानं विचारलं, "काय म्हादूशेठ, बोट लागली का नाय?"

झालं. पहिलं माकड उतरलं.

आधी माणसं सांगतो. मी महादू, सातवी नापास. माथेरानच्या एका हॉटेलात रूमबॉय होतो. केस पांढरे झाले तरी बॉयच! बाळाराम त्याच हॉटेलात डायनिंग हॉलचा वेटर. आणि नामा घोडेवाला, आमच्या गिऱ्हाइकांना दस्तुरीवरून, म्हणजे गाड्या थांबतात तिथून, घोड्यावर घालून आणणारा. तिघंही नेरळजवळच्या पोशीरचे, तिघंही आता घरी बसलेले. जन्मभर दुसऱ्यांच्या सुट्ट्या सांभाळल्या. स्वतः सुट्टीवर कसं जायचं ते एकालाही ठाऊक नव्हतं.

नेलं आम्हाला सुजातानं. बाळारामची एकुलती एक, कर्जतला बँकेत आहे. आई गेल्यापासून बापाला कुठंतरी न्यायचं तिच्या मनात होतं. बाप म्हणाला, "म्हाद्या न् नामा येत असतील तर येतो." जावयाला रजा मिळाली नाही, म्हणून त्याच्या जागी त्याची आई आली. शिळफाट्याच्या विहीणबाई. मुंबई, गोवा आणि परत.

* * *

बोट सुटायच्या आधी कवायत असते. बोट बुडाली तर काय करायचं, हे ते लोक बोट सुटायच्या आधीच सांगतात! आमच्या हॉटेलात कुणी असं केलं असतं तर गिऱ्हाईक दस्तुरीवरूनच मागे फिरलं असतं.

सगळ्यांना ती केशरी जॅकेटं घालायला दिली. विहीणबाईंना पट्टा काही जमेना. नामानं पट्टा बघितला आणि त्याच्या अंगात आलं. घोड्याचा तंग बांधण्यात त्याची हयात गेलेली!

"द्या इकडं ताई," म्हणाला आणि ओढला.

"बसला हो, बसला," विहीणबाई म्हणाल्या.

"नाय नाय. जनावर पोटात हवा धरून ठेवतं. दुसऱ्यांदा ओढावाच लागतो." असं म्हणून गड्यानं त्यांच्या पाठीला गुडघा लावला आणि असा ओढला, असा ओढला, की बाईंचे डोळे गोव्यापर्यंत पोचले! आणि वर सवयीनं पाठीवर दोन थापा मारून म्हणाला, "चल राणी!"

राणी हे नामाच्या घोडीचं नाव. हे विहीणबाईंना पटवून देईपर्यंत आमच्या चौघांची तोंडं टोमॅटो झाली होती. नामा मात्र पुढच्या माणसाचा तंग तपासत होता.

* * *

आता बाळाराम.

ह्या माणसानं जन्मात कधी बसून जेवण केलं नाही. हॉटेलात वेटर जेवायचा तो किचनच्या दाराशी, उभ्यानं, एक कान हॉलकडं ठेवून. ती सवय घरीही आली. घरात ताट हातात घेऊन दाराच्या चौकटीला टेकून जेवतो. वहिनी होत्या तेव्हा म्हणायच्या, "मी लग्न माणसाशी केलं का खांबाशी?"

पहिल्या दिवशी बोटीवर बुफे होता. सुजातानं बापाला खिडकीजवळ बसवलं, समुद्र दाखवला, आणि स्वतः ताट आणायला गेली. परत येते तर खुर्ची रिकामी! बाळाराम चार टेबलं पलीकडं, डाव्या हातावर उष्ट्या प्लेटींची चळत, उजव्या हातानं टेबल पुसतोय. एका गुजराती काकूंनी त्याला सांगितलंसुद्धा, "भैया, जरा अचार लाना." आणि ह्यानं आणलं की! वर बोटीच्या खऱ्या वेटरला गाठून दम दिला, "जेवण डावीकडून, पाणी उजवीकडून. इसरलास तर हॉल तुझा नाय."

तो बिचारा म्हणतोय, "यस सर." काकू बघतायत, ह्याला सर का म्हणतो!

मी हसून हसून खाली बसलो. सुजाताकडं बघितलं आणि उठून उभा राहिलो. पोरीनं दोन्ही ताटं टेबलावर ठेवली आणि बाहेर डेकवर गेली.

मी मागं गेलो. म्हटलं, "अगं, हसून सोडून द्यायचं."

ती म्हणाली, "काका, माझं लग्न आठवतं?"

आठवतं की. वंदना झाली, हार झाले, जेवणं सुरू झाली, आणि नवरीचा बाप हातात बादली घेऊन पंगतीत फिरायला लागला. केटररची माणसं होती, तरी! लग्न पोरांनी आपापसात ठरवलेलं, विहीणबाईंनी त्याला बघितलेलं नव्हतं नीट. त्यांनी चुटकी वाजवून हाक मारली, "ए भाऊ, पाणी आण." बाळारामनं आणलं. उजवीकडून ओतलं. पुढं ओळख करून द्यायच्या वेळी उलगडा झाला तेव्हा विहीणबाईंना धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. त्या दिवसापासून बाईंनी पोशीरला कधी कुणाकडं पाणी मागितलं नाही. येताना स्वतःची बाटली आणतात! आम्हाला वाटायचं, शिळफाट्याच्या पाण्याचा गर्व आहे.

"मी स्टेजवरून सगळं बघत होते काका," सुजाता म्हणाली. "एवढंच ओरडायचं होतं, की ते माझे बाबा आहेत. माझं तोंडच उघडलं नाही. मला लाज वाटली. कुणाची, ते आजपर्यंत कळलं नाही."

मी तिच्या शेजारी कठड्याला टेकलो.

"परत येताना शेवटचं मोठं जेवण असतं. टेबलावर आणून वाढतात. त्या एका जेवणाला बाबांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत बसावं. दुसरं काही नको मला ह्या बोटीवर."

* * *

आमच्या केबिनचा स्टुअर्ड थॉमस. रोज बिछाना लावून वर टॉवेलचा हत्ती नाहीतर ससा करून ठेवायचा. माझं म्हणजे, दुसऱ्यानं माझा बिछाना लावायचा ही कल्पनाच झेपेना! तो यायच्या आधी मीच चादर ताणून, कोपरे मोडून तयार. तो हात जोडून म्हणाला, "अंकल, मेरी नौकरी जाएगी."

मग मी ठरवलं, ह्याला जरा हात दाखवू. सगळे टॉवेल घेतले, उशा घेतल्या, आणि बाळारामच्या पलंगावर अख्खा माणूस बनवला. डोक्यावर बाळारामची माकडटोपी, नाकावर बाळारामचा जुना चष्मा, गळ्यापर्यंत पांघरूण. हॉटेलात नव्या पोरांना मी असाच घाबरवायचो. मग गेलो वर आइस्क्रीम खायला.

थॉमस तीनदा आला, तीनदा "सॉरी सर" म्हणून गेला. चौथ्यांदा त्यानं हाक मारली, पाय हलवला, आणि पळत सुटला. मी खाली आलो तर दारात डॉक्टर, नर्स, स्ट्रेचर, दोन ऑफिसर! विहीणबाई पदर तोंडाला लावून उभ्या. नामा टोपी काढून उभा. आणि घोळक्याच्या मागून टाचा उंचावत बाळाराम स्वतः विचारतोय, "कोण गेला रं?"

डॉक्टरनं पांघरूण काढलं. पुढचं सांगत नाही. एवढंच सांगतो, की इंग्रजीत झापलं तर समजत नाही हा माझा गैरसमज होता. सगळं समजलं! थॉमसच्या डोळ्यांत पाणी होतं. ते बघून मात्र माझी मान जी खाली गेली ती दुसऱ्या दिवशीच वर आली.

सुजाता म्हणाली, "खोड्याच काढायच्या ना काका? मग एक माझ्यासाठी काढा. बाबांना खुर्चीवर बसवून दाखवा."

* * *

गोव्याला उतरलो. बंदराच्या गेटाबाहेर पाऊल टाकतोय तोच टॅक्सीवाल्यांनी वेढा घातला. "सात पॉइंट साहेब! सनसेट पॉइंट, व्ह्यू पॉइंट, सब दिखाऊँगा!"

नामा जागच्या जागी थिजला. हेच गाणं त्यानं दस्तुरीला जन्मभर गायलेलं! सुजाता भाव ठरवायला लागली तर हा तिला बाजूला सारून ड्रायव्हरसमोर उभा राहिला, डोळ्यात डोळे घालून.

"सात में से सच्चा कितना?"

ड्रायव्हरनं त्याच्या पायांकडं बघितलं, रिकिबीत घासून वाकडे झालेले पाय. मग हळूच म्हणाला, "अंकल, तीन."

"बाकी चार?"

"वही तीन. पीछे से."

नामा गाडीत बसला. निम्म्या रस्त्यात मला म्हणाला, "म्हाद्या, एकच दरी मी लोकांना चार नावांनी दाखवली रं. आणि दर बारीला ते 'वा वा' म्हनायचे. मला त्यांचीच लाज वाटायची तेव्हा. आज माझी वाटली."

मी म्हटलं, "तिथून येताना एक फोटो काढू. पुढनं एक, मागनं एक."

नामा हसला नाही. ड्रायव्हर हसला.

* * *

मग ती शेवटची संध्याकाळ.

सुजातानं बापाला काळा कोट घेतला होता, आणि नाडीचे बूट. जन्मभर चप्पल घातलेला माणूस, बुटात पाय असे धरून चालायचा जसे दोन्ही उसने आणलेत! कोट मात्र फक्कड बसला होता. हॉलच्या दारात पोचलो आणि मी बघितलं, तिथले सगळे वेटर काळ्या कोटात! माझ्या जिभेला कुठं हाड?

"बाळ्या," म्हटलं, "आज तू हेडवेटर दिसतोस रं!"

नामा खो खो हसला. सुजाताचा चेहरा उतरला. बोलून गेल्यावर जीभ चावून उपयोग नसतो, पण मी चावली.

बसलो. बाळाराम खुर्चीच्या कडेवर, एस.टी.त दोघांच्या सीटवर तिसऱ्यानं बसावं तसा. सूप आलं. त्याची नजर सुपात नाही, वेटरांच्या हातांवर! प्रत्येक पळी पडली की ह्याच्या मांडीचा स्नायू उडतोय. मला कळलं, हा गडी मासे येईपर्यंतसुद्धा टिकत नाही. मी मुद्दाम चमचा पाडला आणि तो शोधायला टेबलाखाली शिरलो. बाळारामच्या दोन्ही बुटांच्या नाड्या सोडल्या आणि खुर्चीच्या पायांना बांधल्या. नामानं शिकवलेली गाठ, घोडा ओढेल तेवढी आवळणारी. खुर्ची लोखंडासारखी जड. वर येऊन सुजाताला डोळा मारला. खोडी तयार!

भात आला, मासे आले. बाळाराम बसलेला. सुजाता दर घासाला त्याच्याकडं बघतेय. पोरीनं स्वतः काही खाल्लं असेल तर शपथ. विहीणबाई आपल्या बाटलीतलं पाणी पितायत, कुणाकडं न बघता.

शेवटी पुडिंग यायचं तेवढं राहिलं होतं. आणि पलीकडच्या टेबलावरच्या सुटातल्या माणसानं मान वळवली, काळा कोट बघितला, आणि बाळारामकडं बघून चुटकी वाजवली.

"हॅलो! वॉटर!"

आमच्या टेबलावरचे चमचे थांबले. विहीणबाई तर पांढऱ्याफटक पडल्या. मी मनात म्हटलं, म्हाद्या, तोंडानं जे बोललास ते आलं बघ चालून! पण गाठ भक्कम होती. बाळाराम हलला नाही. त्यानं मान खाली घातली.

सुजाता उठली. खुर्ची इतक्या जोरात मागं सारली की अर्धा हॉल वळला. टेबलावरचा जग उचलला, त्या माणसापाशी गेली.

"ते माझे बाबा आहेत," म्हणाली. आवाज कापत होता, पण शेवटच्या टेबलापर्यंत गेला. "ते जेवतायत. पाणी मी देते."

आणि ओतलं. त्या माणसाचे कान लाल. "सॉरी, सॉरी," म्हणत त्यानं ग्लास दोन्ही हातांत धरला.

सुजाता जग घेऊन परत आली आणि तशीच उभी राहिली. आता काय करायचं ते तिला कळेना. तेव्हा विहीणबाईंनी आपली बाटली पर्समध्ये घातली, चेन लावली, आणि रिकामा ग्लास पुढं सरकवला.

"सुजाता," म्हणाल्या, "मला पण दे गं जरा पाणी."

मला तिथं बघवेना. म्हटलं, पुरे झाली ही मस्करी, माणसाला जनावरासारखं बांधून ठेवलंय. पुन्हा चमचा पाडला आणि टेबलाखाली शिरलो, गाठी सोडायला.

गाठी नव्हत्या. दोन्ही नाड्या बुटांवर, जागच्या जागी, फुलासारख्या बांधलेल्या.

मी तिथंच वाकून राहिलो. वर तोंड काढायची हिंमत होईना. वरती ग्लासात पाणी पडल्याचा आवाज आला, आणि मग बाळारामचा, तोंडात घास असलेला, खुर्चीत मागं रेलून बसलेल्या माणसाचा:

"उजवीकडनं गं पोरी. पाणी उजवीकडनं."