शेवाळ लावून गरवणाऱ्या जाऊबाई

आमच्या पावस गावाहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरने रत्नागिरीच्या स्टँडवर मला हाक मारून सांगितलं, "बाई, तुमच्या मोठ्या जाऊबाई पहाटे गेल्या." त्याच गाडीने मी गावी निघाले. वाटेत रडू आलं नाही, राग आला. गेल्या आठवड्यात तर खणखणीत आवाजात भांडत होत्या... अशा कशा गेल्या?

माणूस गेल्यावर गोड गोड लिहायची पद्धत आहे. मला ते जमणार नाही, कारण जाऊबाई गोड नव्हत्याच. त्या काळी भावोजी मुंबईला कामाला, सासूबाई अंथरुणाला, पदरात लहानगी नंदा. तरी भरती लागायच्या सुमारास जाऊबाई बांबूची काठी घेऊन खाडीवर गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, निघायच्या. आमच्याकडे बायका कालवं काढतात, मासळी विकतात, त्याला कुणाची ना नाही. पण गरी टाकून बसायचं ते पुरुषांनी! बाईने गरीला हात लावला की मासा रुसतो म्हणे. "रुसला तर समजूत काढीन," असं जाऊबाई तोंडावर सांगायच्या.

खारबांधाला पाणी सोडायची उघाडी आहे, तिच्याजवळच्या कातळावर त्या बसत. तिथे काळुंदरं, ते चपटे काळपट मासे, जमतात. शेजारी आमचे चुलत सासरे, तात्या. ते मोठ्या गरीला अख्खी कोळंबी लावायचे. काळुंदर ती कडेकडेने कुरतडून पसार व्हायचं, गरी मोकळी वर यायची, आणि तात्या जाऊबाईंकडे डोळे वटारून बघायचे!

"तात्यानू, त्याचं तोंड एवढुसं. अख्खी कोळंबी जायची कशी?" जाऊबाई म्हणायच्या. त्यांची गरी बारीक. पाणी निवळ असलं की कातळावरचं हिरवं शेवाळ ओढून तिला गुंडाळायच्या; गढूळ असलं की गांडुळाचा तुकडा. कोळंबी लावलीच तर सोलून, वाटाण्याएवढी.

"गवत लावून आम्ही नाय गरवीत," तात्या फणकारायचे.

शेवटी तात्यांनी गावकी बसवली आणि बायकांनी उघाडीवर बसायचं नाही असं ठरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी जाऊबाई कातळावर हजर. तात्या म्हणाले, "ऊठ. गावकीने ठरवलंय."

"माझ्या घरी कालवण पाठवायचं ठरवलंय काय गावकीने? नाय ना? मग मी नाय उठत."

नाही उठल्या. महिनाभर गावात कुणी त्यांच्याशी बोललं नाही. तात्यांच्या घरी जाऊबाईंकडून काळुंदरांचा वाटा मात्र नेहमीसारखा जात राहिला, आणि तात्या तो निमूट खात राहिले.

तेराव्याची पंगत उठली तेव्हा हेच तात्या अंगणात हात पुसत म्हणाले, "चला, उघाडीवरचा बाईमाणसाचा प्रश्न मिटला एकदाचा."

मिटला? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. नंदा आता मोठी झालीय. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. दुसऱ्या दिवशी भरतीला आम्ही दोघी काठ्या घेऊन गेलो. तात्या जाऊबाईंच्या जागेवर ऐसपैस बसले होते. "आजोबा, सरका," नंदा म्हणाली. ते हलले नाहीत. मग आम्ही त्यांच्या दोन बाजूंना बसलो, अगदी चिकटून. नंदाने हात लांब करून त्यांच्या पायाजवळचं शेवाळ ओढलं आणि गरीला गुंडाळलं. तात्या पुटपुटत उठले.

पहिलं काळुंदर नंदाला लागलं तेव्हा मात्र मला रडू आलं... रडतच मी माझी गरी टाकली. आता दर रविवारी मी रत्नागिरीहून तिथे जाते. गावकी परत बसवायची असेल तर खुशाल बसवा. निरोप द्यायला कातळावर या, आम्ही तिथेच आहोत.