पडदा भिजवणारी

"हास ना वं माय, दात काय पोथीमा ठेवाना शेतस?"

पडद्यावर पाणी मारता मारता ती असं ओरडायची, आणि आमच्या प्रकाशा गावच्या बाया तोंडातला पदर काढून हसायच्या. तुमच्याही गल्लीत असेल एखादी अशी. पण आमची ती आमचीच बरं का!

घरोघर तापीचं पाणी भरायची. बुटकी, काळीसावळी, डोक्यावर दोन हंडे असले तरी मान वळवून भांडायची. जत्रेत मुक्या चित्रांचा तंबू आला की तिला तिथलं काम. तेव्हाची रीत अशी, पुरुष पडद्यापुढे आणि बाया पडद्यामागे. कापड कोरडं असलं तर मागून काही धड दिसत नसे, म्हणून ते सारखं ओलं ठेवायचं. ही स्टुलावर चढून तांब्या-तांब्याने पाणी मारायची. आम्हाला सगळं उलटं दिसे. चित्रातली माणसं डाव्या हाताने जेवत. आम्ही म्हणायचो, असेल बाई त्यांच्यात तशी पद्धत!

त्या साली एक विनोदी चित्र आलं होतं. हडकुळा रंगारी खांद्यावर लांब शिडी घेऊन वळायचा, आणि मागचा जाडा शिपाई धाडकन चुन्याच्या बादलीत. उठला की परत शिडी. बस, एवढंच. पण माझी आई, जिचा आवाज घरात कधी ऐकू आला नाही, ती हसून हसून माझ्या अंगावर कोसळली.

ते हसू पडद्यापलीकडे गेलं. दुसऱ्या दिवशी माझ्या आजोबांनीच तंबूवाल्याला गाठलं.

"बायास्ना हासाना आवाज पार इकडे येस. सकायपाईन मांगे बाया नकोत."

आजोबांचा शब्द गावात कोणी मोडत नसे. तंबूवाल्याने हिला सांगितलं, आजचा खेळ शेवटचा, उद्यापासून पडदा भिजवू नको.

"बरं," ती म्हणाली. एवढंच. मला तर भीतीच वाटली. इतकं कमी ती कधी बोललीच नव्हती.

त्या संध्याकाळी बाया तोंडात पदर कोंबून बसल्या. शिपाई तिसऱ्यांदा पडला, आणि नेमकी ही भरल्या हंड्यासकट स्टुलावरून गेली. पडताना पडदा धरला. दोऱ्या तुटल्या, पडदा खाली, आणि हंडा पुरुषांच्या पहिल्या रांगेत!

यंत्राचा दिवा चालूच होता. शिपाई आता बायांच्या लुगड्यांवरून पळू लागला. आईच्या पदरावर पडला, काकूच्या नाकावर उठला. समोर पाहते तर माझे आजोबा! भिजलेला फेटा गळ्यात, दोन्ही हातांनी पोट धरलेलं, हसून डोळ्यांना धारा. सुनांनी सासरा पाहिला, सासऱ्याने सुना पाहिल्या. कोणाचंच तोंड मिटेना.

पडद्यात गुंडाळलेली ही आतून ओरडली, "कोण हासी ऱ्हायनं वं? बाया का माणसं?"

दुसऱ्या दिवशी आजोबा जेवायला बसले. सुनेशी थेट बोलायचं नाही, म्हणून मला म्हणाले, "तुन्ही मायले सांग, आज लवकर जाय. मांगे जागा भेटत नही."

आई दाराआडच उभी होती.

पुढे बोलपट आले, बायाही पडद्यापुढे बसू लागल्या. नंदुरबारला मी तिला एकदा घेऊन गेले. बसायच्या आधी ती पडद्यापर्यंत गेली, हात लावून आली.

"कोरडा शे," म्हणाली.

मी विचारलं, "मावशी, खरं सांग. त्या दिवशी पाय घसरला का मुद्दाम पडलीस?"

तिने माझ्याकडे पाहिलं, जसा काही मी तिच्या कामाचा अपमान केला.

"पडानं बी येवाले पायजे वं माय."

ती गेली त्याला किती वर्षं झाली. आमच्या घरातल्या सुना सासऱ्यांसमोर खदखदून हसतात. बाहेरगावचे पाहुणे बघत राहतात, विचारतात, तुमच्याकडे हे असं कसं?

मी मान ताठ करून सांगते, "आमच्या गल्लीतली एक बाई पडली होती, म्हणून."