कढई न चढलेली दिवाळी

आश्विन सरत आला की आमच्या हट्टा गावच्या हवेत दोन वास एकमेकांत मिसळतात. रानाकडून हळदीच्या ओल्या पानांचा थंड, किंचित कडवट वास येतो आणि गल्लीतून तळणाचा. पहाटेच्या धूसर प्रकाशात दारादारांतून चकलीचा, अनारशांचा, चिवड्यातल्या कढीपत्त्याचा गंध वाहू लागतो, आणि डोळे मिटून चालणाऱ्यालाही कोणत्या घरी काय चाललं आहे ते सांगता येतं. मी पहिलीत होते त्या वर्षी या गंधाच्या रांगेत एकच घर मुकं होतं, ते आमचं.

वडील त्या श्रावणात काविळीनं गेले होते. दुःखाच्या घरात वर्ष सरेपर्यंत कढई चढत नाही. भावकीतले आणि शेजारचे फराळाची ताटं आणून देतात, घरच्यांनी ती मुकाट्यानं घ्यायची. इथवर मला त्यात मायाच दिसते. पण आमच्याकडे कुणाचं ताट रिकामं परत करत नाहीत, काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालून देतात, आणि आम्हाला त्या वर्षी तेवढीही मुभा नव्हती. ताटं भरून यायची आणि धुऊन रिकामी जायची. ती पोचवण्याचं काम माझ्याकडे होतं. ते लखलखीत रिकामं ताट छातीशी धरून गल्लीतून चालताना मला जे वाटायचं त्याला तेव्हा माझ्याजवळ शब्द नव्हता. आता आहे. अपमान वाटायचा.

एक ताट पोचवून मी घरी आले आणि मायला विचारलं, "माय, आपण समद्यांचं खातो, मग आपलं कुणीच काहून खात न्हाई?" माय चुलीपुढं बसली होती. तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिनं डोईवरून पदर घेतला, मैदा, पिठीसाखर आणि तुपाची बरणी पिशवीत भरली, पत्र्याचा मोठा डबा काखेत मारला आणि माझा हात धरून ती दाराबाहेर पडली.

समोरच्याच घरात थोरल्या काकू राहायच्या. वडिलांच्या मोठ्या भावाची बायको, आणि भावकीत काय चालतं, काय चालत नाही, हे त्यांच्याच तोंडून ठरायचं. त्या ओट्यावरूनच म्हणाल्या, "कुठं निघून राहिलीस? यंदा कढई न्हाई चढवायची, म्हाईत हाय ना?"

माय चालायची थांबली नाही. "कढई न्हाई चढवून राहिले, बाई. भट्टीचं कुणी काई बोललं न्हाई."

आम्ही वसमतच्या बेकरीत पोचलो. तिथलं आतलं दालन मला अजून दिसतं. काजळलेल्या भिंती, भट्टीच्या तोंडातला तांबूस उजेड, आणि घरचं पीठ घेऊन बिस्किटं करून न्यायला आलेल्या बायकांची दाटी. तूप, वेलची आणि भाजणाऱ्या मैद्याचा तो दाट, ऊबदार गंध अंगाला लागला आणि श्रावणापासून गोठून बसलेलं माझ्यातलं काहीतरी सैल झालं. दिवाळी आली, असं मला तिथं, त्या परक्या धुरात पहिल्यांदा वाटलं. बेकरीवाले चाचा म्हणाले, "बाई, भट्टीत बिस्किटांचे पत्रे मिसळतात, आपापली निशाणी करा." कुणी काटेचमच्यानं रेघा ओढत होतं, कुणी बोटानं खळगा पाडत होतं. मायचा हात सवयीनं आपल्या मनगटाकडे गेला आणि तिथंच थबकला. तिथं काही नव्हतं. मग तिनं माझ्या हातातली इवलीशी काचेची बांगडी काढली आणि एकेका बिस्किटावर हलकेच दाबली. सगळ्या पत्र्यावर गोल गोल उमटले. मला ती गंमत वाटली. तिला काय वाटलं असेल ते कळायला मला मोठं व्हावं लागलं.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तिनं पहिलं ताट माझ्या हातात दिलं ते थोरल्या काकूंसाठी. म्हणाली, "ताट घेऊनच वापस ये." मी गेले. काकूंच्या अंगणात पणत्या मांडून ठेवल्या होत्या, अजून लावायच्या होत्या. त्यांनी बिस्किटांकडे पाहून नाक मुरडलं आणि म्हणाल्या, "ठेव तिथं. दुखाच्या घरचं आजच्या दिवशी तोंडात घालत न्हाईत, पोरी." यातलं मला काहीएक समजलं नाही. बिस्किट खालून जळलं असेल अशी शंका त्यांना येत असावी, असं वाटून मी एक उलटं करून दाखवलं. "बघा काकू, जळलं न्हाई." तरी त्या घेईनात. मग मी पायरीवर बसले. मला ताट रिकामं करून हवं होतं, आणि त्यासाठी थांबणं भाग होतं, इतका सरळ हिशेब होता तो.

उजेड मावळत गेला. गल्लीत दिवे लागले, काकूंच्या दारात अंधार. लक्ष्मी येण्याच्या वेळेला बापाविना झालेलं लेकरू उंबऱ्यापुढून उठवायचं तरी कसं, आणि बसू द्यायचं तरी कसं, या पेचात त्या दोनदा आत-बाहेर झाल्या. शेवटी रागारागानं एक बिस्किट उचलून त्यांनी अर्धं तोंडात घातलं. "झालं समाधान? दे ते ताट इकडं." राहिलेली बिस्किटं त्यांनी डब्यात ओतली आणि पणती पेटवली. मी धावत घरी आले आणि ओरडून सांगितलं, "खाल्लं काकूनं." मायनं ताट माझ्या हातातून घेतलं आणि पुढच्या घरासाठी त्यात बिस्किटं मांडायला घेतली.

ही माझी माय यंदाच्या चैत्रात गेली. दिवाळीला मी हिंगोलीहून हट्ट्याच्या घरी धाकट्या भावाकडे आले, तर तो खाली मान घालून म्हणाला, "ताई, यंदा काई करता येत न्हाई." मी म्हटलं, तू करू नकोस. रीत माणसाच्या दुःखाला सांभाळायला असते. ती दुःखी माणसालाच गल्लीत खाली पाहायला लावत असेल, तर माझ्या मायच्या लेकीनं ती पाळावी अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. मी छोट्या भाचीला घेऊन वसमतला गेले. भट्टीच्या जागी आता विजेवर तापणारं कपाट आहे, चाचांचा मुलगा ते चालवतो, पण वास तोच. भाचीची बांगडी प्लास्टिकची होती. गोल तसेच उमटले.

संध्याकाळी पहिलं ताट घेऊन मी समोरच्या घरी गेले. थोरल्या काकू आता फार थकल्या आहेत, दृष्टीही मंद झाली आहे. भांडायच्या तयारीनंच मी पायरी चढत होते, तेवढ्यात आतून आवाज आला, "पायरीवर बसू नको, पोरी. आण इकडं, खाते मी."

त्यांनी बिस्किटावरच्या गोलावरून बोट फिरवलं, चहात बुडवून सावकाश खाल्लं. म्हणाल्या, "तुझी माय वेलची जास्त घालायची." मग माझ्याकडे न बघता, "मी गेल्यावर बी अशी बिस्किटं कर. माझ्या सुना भित्र्या हायत. माझ्या घरून ताटं रिकामी जाऊ देऊ नको."

मला रडू आलं आणि तितकाच रागही आला, कारण हे वाक्य ऐकायला माय हवी होती. त्या जुन्या संध्याकाळी पायरीवर मी एकटीच अडून बसले होते, की उंबऱ्याच्या आत त्याही अडकल्या होत्या, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. काकूंनी ताट पदरानं पुसलं, चाचपडत साखरेच्या डब्यात हात घातला आणि चिमूटभर साखर ताटात सोडली. गल्ली ओलांडताना मी ते ताट छातीशी धरलं नाही. दोन्ही हातांनी पुढं धरलं, ओट्याओट्यावर बसलेल्या सगळ्यांना दिसेल असं, आणि सावकाश चालत घरी आले.